खरं कुणाशी बोलायचं? पूर्व जर्मनीत वाढलेल्या मुलांविषयी

प्रश्न असा आला आहे: "माझा मुलगा अकरावीत आहे आणि पूर्व जर्मनीवर प्रकल्प करतो आहे. त्यानं मला विचारलं, की जिथं शाळेपासून घरापर्यंत सगळीकडे सरकारची नजर असते, तिथं वाढणाऱ्या मुलाला 'मी कोण' हे कसं कळत असेल? सगळी मुलं एकाच साच्यातली होत असतील ना? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही या विषयात काम करता, म्हणून विचारते."

ताई, तुमच्या मुलाच्या या प्रश्नाभोवतीच माझी गेली सतरा वर्षं गेली आहेत. मी मौखिक इतिहास नोंदवते. पूर्व जर्मनीत लहानाची मोठी झालेली, साधारण १९५० ते १९७५ या काळात जन्मलेली माणसं माझ्यासमोर बसून बोलतात आणि मी ऐकते. त्यांतलं कुणाचंही बोलणं मी इथं जसंच्या तसं देणार नाही, तसा शब्द मी त्यांना दिलेला आहे. जे वारंवार ऐकलं आणि जे कागदोपत्री आहे, तेवढंच सांगते.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नाही, सगळी एकसारखी झाली नाहीत. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन 'वरून आज्ञाधारक, आतून बंडखोर' असं चित्र त्यानं काढलं, तर तेही चुकेल. सुरुवातीची काही वर्षं मीच ते चित्र मनात धरून प्रश्न विचारत होते. "तुमचा विरोध कधी सुरू झाला?" असं विचारलं, की समोरचा माणूस आठवणीत विरोध शोधायला लागायचा आणि काहीतरी सापडायचंच. मुलाखत छान व्हायची, पण खरी होत नसे. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला आणि त्या पहिल्या मुलाखती आज मी वापरत नाही.

आधी त्या बालपणाचा सांगाडा. ७ ऑक्टोबर १९४९ला ते राष्ट्र जन्माला आलं आणि ३ ऑक्टोबर १९९०ला संपलं. पहिलीत गेलं की पायोनिअर ही मुलांची संघटना आणि गळ्यात निळा रुमाल. १९७३पासून चौथीपासूनचा रुमाल लाल झाला. चौदाव्या वर्षी एफडीजे या युवक संघटनेचा निळा शर्ट, बाहीवर उगवता सूर्य. मैदानात झेंड्यासमोर हजेरी, पुढून "तयार राहा!" अशी हाक आणि मुलांचा एका सुरात "सदैव तयार!" चौदाव्या वर्षीच युगेंडवाये नावाचा सोहळा: नवे कपडे, जमलेले नातेवाईक, आणि समाजवादी राष्ट्राशी निष्ठेची शपथ. हा सोहळा १९५५पासून रुजवला गेला, चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला पर्याय म्हणून. १९७८पासून नववी-दहावीला लष्करी शिक्षणाचा विषयही आला. संघटना आणि सोहळा कागदावर ऐच्छिक होते. पण पुढे आबिटुरपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या दारापर्यंत, कुणाला जाऊ द्यायचं हे ठरवताना गुणांइतकंच हेही पाहिलं जाई. त्यामुळे नकाराची किंमत त्या मुलाला पुढची चाळीस वर्षं मोजावी लागू शकत होती. निर्णय मात्र चौदाव्या वर्षी.

इथं माणसं कशी वेगवेगळी वागली पाहा. पुढे जर्मनीच्या चान्सलर झालेली आंगेला मेर्केल ही पाद्र्याची मुलगी. ती पायोनिअरमध्येही होती, एफडीजेमध्येही; युगेंडवाये मात्र केली नाही, कन्फर्मेशन केलं; आणि तरी आबिटुर करून भौतिकशास्त्र शिकली. पुढे जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झालेले योआखिम गाउक तिच्याहून चौदा वर्षांनी मोठे. ते अकरा वर्षांचे असताना, १९५१मध्ये, सोव्हिएत यंत्रणेनं त्यांच्या वडिलांना उचललं. बराच काळ घरच्यांना ते कुठं आहेत हेही माहीत नव्हतं. सैबेरियातून ते १९५५मध्ये परतले. त्या घरात राजवटीबद्दल भ्रम उरायला जागाच नव्हती. एकच राष्ट्र, पण दोन मुलांच्या वाट्याला दोन निराळी वर्षं आणि दोन निराळी घरं आली. तुमच्या मुलाला सांगा, कुणाचीही आठवण वाचताना आधी जन्मसाल आणि गाव पाहायचं. १७ जून १९५३ला कामगारांचा उठाव चिरडायला रणगाडे रस्त्यावर आलेले ज्यानं पाहिले आणि जो १३ ऑगस्ट १९६१ला बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर जन्मला, त्यांची भीती एकसारखी नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या मुलांनी सगळ्यांत आधी काय शिकलं असेल, तर कुठं काय बोलायचं ते. एक आठवण मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता ती सुरू झाली की मला पुढचं वाक्य माहीत असतं. लहान वर्गातल्या बाई सहज विचारायच्या, घरच्या टीव्हीवर बातम्यांच्या आधी जे घड्याळ दिसतं त्यावर ठिपके असतात की रेघा? पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या वाहिनीवरची घड्याळं वेगळी दिसायची. मुलानं निरागसपणे उत्तर दिलं, की घरात कोणती वाहिनी लागते ते कळलं. पश्चिमेचा टीव्ही ड्रेस्डेन आणि ईशान्येचा कोपरा सोडला, तर जवळजवळ सगळ्या देशात दिसत होता. १९६१मध्ये एफडीजेची पोरं छपरांवर चढून पश्चिमेकडे तोंड केलेले अँटेना फिरवत, मोडत होती. १९७३मध्ये खुद्द सत्ताधारी पक्षाचे प्रमुख एरिख होनेकर यांनी, ज्याला हवं तो तो टीव्ही लावू-बंद करू शकतो, असं जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे पुढं धोका कमी झाला होता. पण घरातली सवय तशीच राहिली.

आणि ही सवय कुणी शिकवत नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "हे बाहेर बोलू नकोस" असं स्पष्ट सांगणारे आईवडील कमीच, कारण मूल ते वाक्यही बाहेर जाऊन सांगू शकतं. जेवताना कुणी काही बोललं आणि आईचा चेहरा किंचित बदलला, वडिलांनी खिडकी लावून घेतली, बोलणं एकदम हवापाण्यावर गेलं, की पाच वर्षांचं मूल समजून जाई. मोठेपणी त्यांना विचारलं, की तेव्हा आपण खोटं बोलतोय असं वाटायचं का, तर बहुतेकजण गोंधळतात. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. शाळेत जाताना दप्तर उचलावं तसं ते शाळेचं बोलणं उचललं जाई आणि घरी आल्यावर कोपऱ्यात ठेवलं जाई. नागरिकशास्त्राच्या तासाला काय उत्तर द्यायचं हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असे आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे बाईंनाही ठाऊक असे.

मग 'खरा मी' कोणता? घरातला? इथं आपण घाईनं 'हो' म्हणतो. पण घरातही मुलाला जपूनच बोलावं लागे. वडील पक्षाचे सभासद असतील तर शाळेत ऐकलेला विनोद घरी सांगता येत नसे. आणि कित्येक घरांत, हे आज मान्य करायला लोकांना जड जातं, मुलं शाळेत जे शिकत होती त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

या विश्वासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रकल्पांमध्ये नेमकं हेच सुटतं. त्या मुलांना लहानपणापासून फॅसिझमविरुद्ध लढलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जात. ज्यांच्या नावानं पायोनिअर संघटना होती त्या एर्न्स्ट टेलमान यांना नाझींनी अकरा वर्षं तुरुंगात ठेवून ऑगस्ट १९४४मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारलं. मुलांना त्या छावणीत सहलीला नेत. गोष्टीतून बरंच काही गाळलेलं होतं, पण तिथल्या भट्ट्या खऱ्या होत्या. १९७१मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस तुरुंगात होत्या, तेव्हा पूर्व जर्मनीतल्या शाळकरी मुलांनी पोस्टकार्डांवर गुलाबाची फुलं रंगवून त्यांना पाठवली. मोहिमेचं नावच 'दहा लाख गुलाब' होतं. ती मोहीम सरकारनं आखली होती, हे उघड आहे. पण आठ वर्षांच्या ज्या मुलीनं रंगपेटी काढून, जीभ दातांत धरून ते फूल रंगवलं, तिला अन्याय झालेल्या एका दूरच्या माणसाबद्दल जे वाटलं, ते सरकारचं नव्हतं. ते तिचं होतं. अशा बायका माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, की ते सगळं खोटं होतं असं आता मी म्हणायचं का? मी त्यांना 'हो' म्हणू शकत नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे, की त्या राजवटीला सगळ्यांत अवघड गेला तो मनापासून विश्वास ठेवणारा विद्यार्थी. दोन जिभांनी बोलणारा मुलगा सांभाळायला सोपा होता, त्याला नियम माहीत होते. ज्यानं शांतता, न्याय, बंधुता हे शब्द खरे मानले, त्यानं ते एक दिवस शाळेलाच लावून पाहिले. १९८८च्या शरदात बर्लिनच्या पांको भागातल्या शाळेत हेच झालं. त्या शाळेला कार्ल फॉन ओसिएत्स्की यांचं नाव होतं. सैन्यवादाविरुद्ध लिहिल्याबद्दल नाझींनी छळछावणीत टाकलेले आणि शांततेचं नोबेल मिळालेले पत्रकार ते हेच. शाळेत मतं मांडण्यासाठी एक भित्तिफलक होता. काही विद्यार्थ्यांनी त्यावर पोलंडमधल्या संपांबद्दल लिहिलं आणि राष्ट्रदिनाला लष्करी संचलन हवंच का, असा प्रश्न विचारला. सह्याही गोळा केल्या. चौघांना शाळेतून काढून टाकलं, आणखी काहींची बदली झाली, काहींना ताकीद मिळाली. प्रकरण थेट शिक्षणमंत्री मार्गोट होनेकर यांच्यापर्यंत गेलं होतं. सभागृहात सगळ्या मुलांसमोर त्यांची नावं घेऊन त्यांना बाहेर काढण्यात आलं. तुमच्या मुलाच्याच वयाची होती ती. शाळेनं ज्याचं नाव लावलं होतं, त्याच माणसासारखं ती वागली होती.

कपडे, केस, संगीत यांतूनही मुलं स्वतःला शोधत होती, पण ते जगभर सगळीकडेच होतं म्हणून त्यावर फार थांबत नाही. फरक एवढाच, की इथं केस वाढवणं हा राज्याचा विषय होई. लाइपझिगमध्ये बहुतेक बीट बँडचे परवाने काढून घेतल्यावर ३१ ऑक्टोबर १९६५ला तरुण मुलं चौकात जमली. पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले, अडीचशेहून जास्त मुलांना पकडलं आणि त्यांतल्या अनेकांना कोळशाच्या खाणीत कामाला जुंपलं. गिटारीसाठी जमलेला सतरा वर्षांचा मुलगा परतला तेव्हा राज्यानं त्याच्यावर 'विरोधक' असा शिक्का मारलेला होता. कित्येकांची ओळख अशीही घडली, त्यांनी न निवडता.

एका गोष्टीपाशी मात्र थांबावंच लागेल. १९८०-८१मध्ये चर्चच्या तरुण गटांमध्ये एक छोटं गोल चित्र फिरू लागलं: एक माणूस तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करतो आहे. सोबत बायबलमधली ओळ, 'तलवारींचे फाळ'. हे चित्र ज्या पुतळ्यावरून घेतलं होतं, तो सोव्हिएत संघानंच १९५९मध्ये संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेला होता. त्यामुळे त्याला बंदी घालायची तर कशी, हा पेच होता. शिवाय कागदावर छापायला परवानगी लागायची. कापडावर छापणं हे 'कापडावरची प्रक्रिया' ठरे, त्याला ती लागत नसे. म्हणून चर्चवाल्यांनी ते जाड कापडावर छापलं आणि हजारो मुलांनी जाकिटाच्या बाहीवर शिवलं. १९८२च्या वसंतात शिक्षक आणि पोलीस ते काढायला लावू लागले. काहींच्या बाहीवरून ते अक्षरशः कापून काढलं. तेव्हा काही मुलांनी बाहीला पडलेलं ते गोल भोक तसंच ठेवलं आणि तेच जाकीट घालून शाळेत गेली. भोकाला बंदी कशी घालणार?

ते शिवताना त्यांच्या मनात काय होतं हे मी खूप जणांना विचारलं आहे. थोड्यांनी शांततेचं नाव घेतलं. जास्त जणांनी सांगितलं ते असं, की रस्त्यात तेच चित्र बाहीवर असलेला अनोळखी मुलगा दिसला की एकदम कळायचं, याच्याशी बोलता येईल. माझ्या मते तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर याच्या आसपास आहे. 'मी कोण' हे त्या मुलांना एकट्यानं, खोलीत बसून, आत डोकावून सापडलेलं फारसं दिसत नाही. ज्याच्यासमोर शब्द तोलावे लागत नाहीत असं एखादं माणूस भेटल्यावर ते सापडलं. आजी असेल, बाकावरची मैत्रीण असेल, चर्चच्या तळघरातला तरुणांचा गट असेल, कधीकधी चक्क एखादे शिक्षक असतील, जे वर्ग संपल्यावर दार लावून वेगळं बोलायचे. त्या माणसासमोर आपलं वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आलं आणि हे माझं आहे असं कळलं.

हे त्या राज्याच्या गुप्त पोलिसांनाही पक्कं ठाऊक होतं. श्टाझीकडे (आपल्याकडे स्टासी असंही लिहितात) शेवटी सुमारे ९१,००० पगारी माणसं होती, दीड कोटीहून थोड्या जास्त लोकसंख्येसाठी. शिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. त्यांत शाळकरी मुलंही होती. जानेवारी १९७६च्या एका अंतर्गत निर्देशात 'त्सेरझेत्सुंग' हा शब्द पद्धतशीरपणे मांडला आहे. मराठीत मी त्याला 'कुजवणं' म्हणते. अटक करायची नाही, आवाज होऊ द्यायचा नाही. माणसाविषयी अफवा पसरवायच्या, नोकरीत त्याला अपयशच येईल अशी तजवीज करायची आणि मित्रामित्रांत संशय पेरायचा. यातलं शेवटचं हत्यार सर्वांत खोल जाई. बोलायला माणूस उरला नाही, की हळूहळू स्वतःच्या विचारावरचाही भरवसा जातो.

जी मुलं कुठंच बसत नव्हती त्यांच्यासाठी याहून उघड हत्यार होतं. टोरगाऊ इथं १९६४ ते १९८९ बंद सुधारगृह चाललं. १४ ते १८ वयाची चार हजारांहून जास्त मुलंमुली तिथून गेली, कुठल्याही न्यायालयाच्या निकालाशिवाय. आल्या आल्या एकांतकोठडी. तिथल्या मुलांशी झालेल्या मुलाखतींबद्दल मी इथं लिहिणार नाही. ती जागा आज स्मारक आहे. तुमच्या मुलानं त्याबद्दल जरूर शोधावं, पण तुम्ही सोबत असताना.

९ नोव्हेंबर १९८९ला भिंत उघडली. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुलं एक विचित्र गोष्ट सांगतात. वर्ग तोच, बाई त्याच, फळा तोच, पण पुस्तक बदललं आणि काल जे उत्तर बरोबर होतं ते आज चुकलं. आणि त्याच बाई ते चूक म्हणून सांगत होत्या. काहींना मोकळं वाटलं. काहींना सगळ्याच मोठ्या माणसांबद्दल जी अढी बसली, ती अजून गेलेली नाही. शिवाय आता पश्चिमेकडच्यांच्या तोंडी ते 'ओसी' झाले, म्हणजे पूर्वेकडचे, जरा मागासलेले. जो देश हयात असताना आपला वाटत नव्हता, तो नाहीसा झाल्यावर अनेकांना पहिल्यांदा आपला वाटला. याला केवळ जुन्या दिवसांची हळहळ म्हणणं मला बरोबर वाटत नाही. स्वतःचं बालपण दुसऱ्यांनी 'हुकूमशाहीतलं बालपण' अशा दोन शब्दांत गुंडाळलं, की माणूस ते परत मागतोच.

आणि मग फायली. १९९१च्या अखेरीस कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२पासून लोकांना स्वतःची श्टाझी-फाइल वाचता येऊ लागली. या कामाचे पहिले प्रमुख योआखिम गाउकच होते, ज्यांचे वडील सैबेरियात नेले होते तेच. फाइल वाचणं म्हणजे आपलं तरुणपण शत्रूच्या अक्षरात वाचणं. कुणाला तिथं नवरा सापडला, कुणाला सख्खा मित्र. पण माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट उलटी आहे. एका गृहस्थांनी विशीत असताना, संशयावरून, आपल्या सगळ्यांत जवळच्या मित्राशी बोलणं तोडलं होतं. फायलीत नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं. मित्रानं कधीच काही केलं नव्हतं. मधे बारा वर्षं गेली होती. ते त्याला भेटायला गेले, मित्रानं घरात घेतलं, कॉफी दिली आणि दोघांना काय बोलावं ते सुचेना. फाइल मागवायचीच नाही असं ठरवलेली माणसंही मला भेटतात आणि त्यांना मी कधीही आग्रह करत नाही.

प्रकल्पासाठी एक व्यावहारिक सूचना. त्या फायली २०२१पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत आणि शाळांसाठी तिथली बरीच सामग्री खुली आहे. मात्र ती वाचताना लक्षात ठेवायचं, की लिहिणारा खबऱ्या आहे. त्याला जे पाहायला सांगितलं होतं तेच त्यानं पाहिलं आहे. त्या काळी वाढलेल्या एखाद्या व्यक्तीशी ऑनलाइन बोलायची संधी मिळाली, तर "तुम्ही राजवटीच्या बाजूनं होता की विरोधात?" असं त्यानं विचारू नये. त्याचं पाठ केलेलं उत्तर मिळेल. मी आता वेगळा प्रश्न विचारते: त्या वर्षांत तुम्ही खरं कुणाशी बोलायचात? यावर बहुतेकजण आधी गप्प होतात. त्या वेळी आपण मधे बोलायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. मग साधारणपणे एक नाव येतं, क्वचित दोन, आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते.